‘सेव्हन’च्या पुढचं

गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कॉलेजच्या कट्ट्यावरचा केस वाढवलेला मुलगा. नाहीतर ‘यादों की बारात’मधली (१९७३) पांढऱ्या कपड्यातली झीनत अमान. पडद्यावर गिटार तिच्या हातात, पण प्रत्यक्षात ती वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. पन्नाशीला टेकलेली, हाताला कणकेचा वास येणारी बाई काही गिटार घेऊन डोळ्यांसमोर येत नाही. माझ्याही आली नव्हती.

मी माहेरची मिरजेची. आमच्या गल्लीपासून सतारमेकरांची दुकानं हाकेच्या अंतरावर. भोपळे वाळत घातलेले, कुणीतरी तासन् तास एकच तार छेडतोय, तिची जवारी काढतोय, हे बघतच मोठी झाले. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी इथे वसईत बसून पेढे वाटले!) गाणं शिकले, गांधर्व महाविद्यालयाची ‘प्रवेशिका पूर्ण’ झाले. पुढे ‘मध्यमा’ला बसायचं होतं. पण तेवढ्यात स्थळं बघायला सुरुवात झाली. वडील म्हणाले, ‘पत्रिकेबरोबर लिहायला एवढं पुरे.’ खरंच, माझ्या माहितीच्या कागदावर शिक्षणाच्या खाली ‘गायनाची आवड, प्रवेशिका पूर्ण’ असं लिहिलेलं होतं. वडील वाईट नव्हते हो. त्या काळी सगळ्यांकडे असंच चालायचं. विणकाम रुमालापुरतं, इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं आणि गाणं बघायला आलेल्यांसमोर एक नाट्यगीत म्हणण्यापुरतं.

लग्न होऊन वसईला आले. इथे गिटार ही काही नवलाची गोष्ट नाही. पापडी, सांडोर, नंदाखाल, कुठल्याही ख्रिस्ती वस्तीतून संध्याकाळी चाललात, तर एखाद्या ओटीवर कुणीतरी ती मांडीवर घेऊन बसलेला दिसतोच. चर्चमध्ये मिस्साला गिटार, लग्नात गिटार, नाताळात तर विचारूच नका. माझ्या मुलीने आठवीत असताना हट्ट करून गिटार घेतली आणि पहिला ‘बार’ कॉर्ड आला, बोटं दुखली, तशी सोडली. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि गिटार कपाटावर गेली. दर दिवाळीला धूळ पुसायची, परत वर ठेवायची. एका दिवाळीला म्हटलं, पुसतोच आहोत तर वाजवून बघू.

पापडीच्या बाजूला एक सर राहतात, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता मुलांना शिकवतात. त्यांच्या ओटीवर दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत मी जाऊन बसले. फी माझी मी भरते, मसाल्याच्या ऑर्डरींतून. जी, सी, डी आणि ई मायनर, असे चार कॉर्ड बसायला पाच महिने लागले. त्यानंतर जी सेव्हन आला. एवढ्यावर म्हणे हजारभर गाणी वाजतात. सर खूश झाले. म्हणाले, ‘ताई, झालं तुमचं. भजनाला, वाढदिवसाला, गणपतीत एखादं गाणं वाजवायला एवढं पुरे.’

पुन्हा तेच ‘पुरे’! तीस वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसाच्या तोंडून. सरांच्या मनात काही नव्हतं. पण मी उठले नाही. विचारलं, ‘सर, सेव्हनच्या पुढे काय असतं?’

ते हसले. माझ्या हातातली गिटार घेतली आणि तीन कॉर्ड वाजवले. पहिला साधा. शेवटचाही साधा, आपला घरचा सी. मधल्याने मात्र माझ्या पोटात कसंतरीच झालं. जिना उतरताना एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं. म्हटलं, हे शिकवा.

आता हे सांगताना थोडं शास्त्र येणार, पण घाबरू नका. आपल्यापैकी बऱ्याचजणींच्या घरी भजनाची पेटी असते. ती पुढ्यात घ्या. पांढरी एकला सा धरा. सा, ग, प एकदम दाबा. हा सी कॉर्ड, म्हणजे आपलं घर. इथे कुणाला कुठे जायचं नसतं. आता प, नी, रे, म दाबा. हा जी सेव्हन. पाश्चात्त्य संगीतात पाचव्या स्वराला ‘डॉमिनंट’ म्हणतात, म्हणजे आपला पंचम. त्याच्यावर उभा केलेला हा कॉर्ड. यात सगळी गंमत म आणि नी या दोघांची. नुसते ते दोनच एकत्र दाबून बघा. कानाला टोचतं. युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्रात या अंतराला ‘संगीतातला सैतान’ असं टोपणनावच पडलं होतं. नी सापासून अर्ध्या पायरीवर उभा आहे, त्याला वर जायचंय. म गपासून अर्ध्या पायरीवर आहे, त्याला खाली यायचंय. आता नी सोडून सा दाबा, म सोडून ग दाबा. हायसं वाटलं ना? पाश्चात्त्य संगीताचा अर्धा संसार या ओढीवर चाललाय.

‘सेव्हन’ हा आकडा कुठून आला? पपासून बोटांवर मोजा. प एक, ध दोन, नी तीन, असं करत म सातवा येतो. म्हणून सेव्हन. तसंच पुढे मोजत गेलात तर ध नववा आणि ग तेरावा. जी नाइन म्हणजे जी सेव्हनमध्ये ध मिसळलेला. जी थर्टीन म्हणजे त्यात ग मिसळलेला. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला! आकड्यांची ती भीतीदायक पाटी म्हणजे आपलीच सरगम, दुसऱ्या मजल्यावर चढलेली.

पण पेटीला पाच बोटं, गिटारला चारच. डावा अंगठा मागे मान धरून बसलेला. पाच-सहा स्वर चार बोटांत बसवायचे तर कुणालातरी घरी ठेवावं लागतं. सरांचा नियम असा, की जो नसला तरी कानाला चुकत नाही, तो आधी सोडायचा. जी सेव्हनमध्ये तो मान रेचा. म आणि नी मात्र काही झालं तरी हवेतच, ते गेले तर ओढच गेली. जी थर्टीन असा धरतात: सगळ्यांत जाड तारेवर तिसऱ्या घरात पहिलं बोट, चौथ्या तारेवर तिसऱ्याच घरात मधलं, तिसऱ्या तारेवर चौथ्या घरात अनामिका आणि दुसऱ्या तारेवर पाचव्या घरात करंगळी. पाचवी तार पहिल्या बोटानेच हलके दाबून मुकी करायची, पहिली वाजवायचीच नाही. ऐकू येतात ते प, म, नी आणि ग. म्हणजे घरातला ग आधीच येऊन दारात बसलेला आणि म अजून बाहेर ताटकळलेला. म्हणून हा कॉर्ड ताणलेला असूनही गोड वाटतो.

यानंतर सरांनी धला कोमल केलं. जी सेव्हन फ्लॅट नाइन. प, नी, रे, म आणि कोमल ध. मी तो घरी येऊन पेटीवर लावला आणि सारखं वाटायला लागलं, ही माणसं मी कुठेतरी एकत्र बघितली आहेत. शुद्ध रे, कोमल ध, बाकी सगळे शुद्ध. अहो, हे तर नटभैरवाचे स्वर! या कॉर्डची आणखी एक गंमत आहे. प बाजूला ठेवला तर उरलेले चौघं एकमेकांपासून बरोबर तीन-तीन अर्ध्या पायऱ्यांवर बसलेले असतात. त्यामुळे वरच्या चार तारांवर तिसरं-चौथं-तिसरं-चौथं घर अशी नागमोडी मूठ एकदा बसली, की तीच मूठ तीन घरं पुढे सरकवायची. स्वर तेच, फक्त जागा बदललेल्या. आणखी तीन घरं, पुन्हा तेच. आम्ही बायका एकाच पिठाचे तीन पदार्थ करतो ना, तसं.

खरा झगडा झाला तो सेव्हन शार्प नाइनशी. या कॉर्डच्या मूळ स्वराला सा धरलं, तर त्यात शुद्ध ग आणि कोमल ग दोन्ही एकदम वाजतात. एकदम! आपल्याकडे दोन्ही गंधार लागणारा जोग राग आहे. पण तिथे चढताना शुद्ध, उतरताना कोमल, एकेकाने यायचं. दोघांनी एकत्र यायचं नाही. तंबोऱ्याच्या गावात वाढलेल्या माझ्या कानाला ते सहन होईना. मी आतल्या खोलीत सी सेव्हन शार्प नाइन वाजवत होते, तर बाहेरून हे म्हणाले, ‘अगं, गिटार सुरात लावलीस का आधी?’

जिमी हेन्ड्रिक्स नावाचा अमेरिकन वादक होता. त्याच्या ‘पर्पल हेझ’ (१९६७) या गाण्यानंतर हा कॉर्ड जगभर त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. तो १९७० मध्ये गेला, सत्ताविसाव्या वर्षी. सरांनी ते गाणं ऐकवलं. मला नाही आवडलं, उगाच कशाला खोटं बोलू? सर म्हणाले, ‘एकटा वाजवून त्याच्याकडे बघत बसू नका, ताई. लगेच एफवर उतरा.’ उतरले. आणि तो मघाचा कर्कश कॉर्ड एकदम शहाणा वाटायला लागला. दोन आठवडे मी तेवढंच करत होते. भाजी टाकून येत होते, चढत होते, उतरत होते.

आणि मग तो दिवस आला. सर म्हणाले, आज जी सेव्हनच्या जागी दुसराच कॉर्ड घालायचा, काळी एकवरचा सेव्हन. म्हणजे डी फ्लॅट सेव्हन. पाहुणी म्हणून आलेली बाई घरच्या सुनेच्या जागी बसवायची, असाच प्रकार. हे कसं जमायचं? पण स्वर मांडून बघितले: कोमल रे, म, कोमल ध, नी. म आणि नी आहेतच की! तीच ओढ, तेच दोघं, फक्त खालची जमीन बदलली. आता पंचमावरून घरी उडी मारायची नाही. कोमल रेवरून अर्धी पायरी घसरत सावर यायचं. इंग्रजीत याला ‘ट्रायटोन सब्स्टिट्यूशन’ असं भारदस्त नाव आहे. माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणाने. हे चारही स्वर भैरवातले. पहाटे माझ्या गुरुजींच्या घरी कोमल रेवर डोलत डोलत सावर येणारा तो भैरव, मिरजेत राहिलेला, इथे पापडीच्या ओटीवर गिटारमधून निघाला होता. राग वेगळा आणि कॉर्ड वेगळा, हे मला कळतं. रागाचं चलन कॉर्डमध्ये नसतं. पण स्वर तर तेच ना? सरांना भैरव माहीत नव्हता, मला त्यांची ती युक्ती माहीत नव्हती. त्या दिवशी फी कुणी कुणाला द्यायची हाच प्रश्न होता!

हे कॉर्ड आपल्या कानांत मुळात आले कसे, हेही मी सरांनाच विचारलं. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेईपर्यंत होता. त्यांच्याबरोबर चर्चचं संगीत आलं. पण जाझचे हे वाकडेतिकडे कॉर्ड मात्र खूप उशिरा, मुंबईमार्गे आले. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेली मुलं पोटासाठी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आली आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत गेली. आपले सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर, यांच्या ‘अलबेला’त (१९५१) ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट साहाय्यक होते. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्ययोजना करायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालना व्हायोलिन शिकवायचे. ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) अमिताभचं नाव त्यांच्यावरून ठेवलेलं. चाल संगीतकाराची, पण तिच्या मागे कुठला कॉर्ड कधी यायचा, हे कागदावर लिहिणारे हात बरेचदा या मंडळींचे. आपण चाल गुणगुणत राहिलो. मागचं काम कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. स्वयंपाकघरात राबणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

वसईत गिटार घरोघर पोचली त्याला आणखी एक कारण झालं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागला, इथे तो मराठीत आला. नवी मराठी गीतं, नव्या चाली आणि त्यांच्याबरोबर तबला, पेटी, गिटार. सर त्याच पिढीतले.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. सरांच्या सगळ्या गोष्टींत पुरुषच. म्हटलं, बाई नाहीच का कुणी? तेव्हा त्यांनी एमिली रेमलरचं नाव सांगितलं. अमेरिकेतली, १९५७ सालची. अठराव्या वर्षी बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातून बाहेर पडली आणि जाझ गिटारच्या, पार पुरुषांच्या जगात जाऊन उभी राहिली. ‘फायरफ्लाय’ हा तिचा पहिला अल्बम १९८१ चा. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना बत्तिसाव्या वर्षी ती गेली. तिने शिकवतानाचं चित्रीकरण आहे. मुलीने ते मोबाइलवर लावून दिलं. इंग्रजी मला सगळं कळलं नाही, पण तिचा डावा हात बघत राहिले. साधी मुलगी, साधे कपडे, नखरा नाही. तेराव्या स्वरावर तिची करंगळी अशी जाऊन बसते, जशी आपली चिमूट मिठाच्या डब्यात.

आता थोडं हाताविषयी, कारण कुणी शिकायचं मनावर घेतलं तर उपयोगी पडेल. डाव्या हाताची नखं पार कापावी लागतात. लग्नसराईत नेलपेंटची हौस फक्त उजव्या हाताला! बांगड्या सरावापुरत्या कोपराकडे सरकवून ठेवते. लोखंडी तारांपेक्षा नायलॉनच्या तारा बोटांना सोसतात. हात लहान असेल तर लहान मापाची गिटार मिळते, ती घ्यावी, उगाच मोठीशी कुस्ती खेळू नये. या वयात सकाळी बोटं आखडलेली असतात, तेव्हा भांडी घासून झाल्यावर बसायचं, गरम पाण्याने बोटं मोकळी होतात. मनगट दुखलं की थांबायचं. पंधरा मिनिटं दोनदा वाजवलेलं एका तासाच्या हट्टापेक्षा चांगलं. आणि सुरुवात नाइनने करावी. सी नाइनची मूठ तिसऱ्या घराजवळ बसली, की तीच पाचव्याला नेली की डी नाइन, दहाव्याला नेली की जी नाइन. एका मेहनतीत बारा कॉर्ड पदरात.

भजनी मंडळात मला विचारतात, ‘हे भजनाला वाजवता येतं का गं?’ नाही येत. म्हणजे वाजवता येईल, पण मी वाजवत नाही. अभंगाच्या मागे तंबोरा, टाळ आणि पेटीच शोभते. तिथे दोन गंधारांची मारामारी कशाला? तिथे मी आपली साधा सी आणि जी घेऊन बसते, नाहीतर गिटार न नेता नुसती गाते. ‘मग एवढं शिकून उपयोग काय?’ उपयोग काहीच नाही. कोथिंबीर त्याने स्वस्त होत नाही आणि मला कुणी ऑर्केस्ट्रातही घेणार नाही. पत्रिकेबरोबर लिहायचं तर वय गेलं. हे असं सरळ तोंडावर सांगितलं की बायका आधी हसतात, मग एखादी हळूच विचारते, ‘क्लास किती वाजता असतो?’

सासूबाई एक्क्याऐंशीच्या आहेत. चौथीत शाळा सुटली. धाकटी भावंडं सांभाळायची होती. सकाळी साडेअकरानंतर घर शांत झालं की त्या पलंगावर पडून माझा सराव ऐकतात. पहिल्या महिन्यात कपाळाला आठ्या असायच्या. परवा मी फ्लॅट नाइनवर थांबून पान उलटत होते, घरी उतरायचं राहिलं होतं. सीवर गेले, तशा म्हणाल्या, ‘हे नको गं. मघाचं ते परत वाजव. ते संपत नव्हतं ना, ते.’ मी वाजवलं. त्या डोळे मिटून पडून राहिल्या. मी सीवर उतरलेच नाही, बराच वेळ.

सध्या सरांनी एक साखळी दिली आहे. ई सेव्हन, त्यातून ए सेव्हन, त्यातून डी सेव्हन, त्यातून जी सेव्हन आणि शेवटी सी. प्रत्येकजण पुढच्याच्या दाराशी नेऊन सोडतो. आधी साधे, मग एकेकात नाइन, फ्लॅट नाइन, थर्टीन घालायचे. साधे जमतात. फ्लॅट नाइनमधून थर्टीनवर जाताना करंगळी उशिरा पोचते, मध्ये एक रिकामी जागा पडते. सर म्हणतात, मेट्रोनोम साठवर ठेवा. मी पन्नासवर ठेवलाय.